शेजारच्या नातवाला ‘नको’ म्हणताना

आमच्या गल्लीत एक वाटी आहे. स्टीलची, काठाला पोचा आलेली. ती मूळची आमची की समोरच्या भौजींची, हे आता दोन्ही घरांत कुणालाच सांगता येणार नाही. सत्तावीस वर्षं ती गल्ली ओलांडून जाते-येते आहे. आमच्याकडून शिरा गेला की तिकडून ठेठरी-खुरमी येते; तिकडून इडहरची कढी आली की इकडून श्रीखंड जातं. वाटी रिकामी परत करायची नाही, हा दोन्ही घरांचा नियम.

ही वाटी परवा सहा दिवस अडून राहिली. कशामुळं, ते आज सांगते.

ज्यांनी रायपूर पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. पुरानी बस्ती हा शहराचा जुना भाग. महामायेचं देऊळ, टुरी हटरीचा बाजार, जैतूसाव मठ हे सगळं पायी जाण्याच्या अंतरावर. गल्ल्या अशा की समोरच्या घरात फोडणी पडली तर शिंक आपल्याला यावी. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून या शहरात मराठी माणसं आहेत. जवळचा तात्यापारा तर मराठी घरांसाठीच ओळखला जातो. मी मात्र अमरावतीहून लग्न होऊन थेट या गल्लीत आले. तेव्हा छत्तीसगढीतलं एक अक्षर कळत नव्हतं. बाजारात भाव कसा करायचा इथपासून सगळं मला भौजींनी शिकवलं. मुलगा आठ महिन्यांचा असताना मला टायफॉइड झाला, तेव्हा एकवीस दिवस तो त्यांच्याच मांडीवर होता. हे उपकार कुठल्या वाटीत मावणार?

तर नाताळच्या सुट्टीत भौजींच्या मुलानं टूम काढली. “चाची, इस संडे क्वाड चलाने चलते हैं. दोनों घर.”

क्वाड म्हणजे काय, हे मला चित्रात पाहून माहीत होतं. मोटारसायकलसारखं हँडल, घोड्यासारखी बैठक आणि ट्रॅक्टरच्या धाकट्या भावंडांसारखी चार फुगीर चाकं. चिखल, वाळू, दगड, कशातूनही जाणारी गाडी. “आपण कशाला या वयात?” असं मी म्हणाले खरी, पण शनिवारी रात्री तिखटमिठाच्या पुऱ्या तळताना मनातून मीच जास्त खूष होते.

रविवारी दोन गाड्यांतून आम्ही नऊजण निघालो. आरंग मागं पडलं, महानदीचा पूल आला. कुहरी मोडवरून वळून सिरपूरला पोचलो, तेव्हा धुकं उतरत होतं. लक्ष्मण मंदिरापाशी थांबून भौजींनी आणलेले चिले खाल्ले. विटांचं हे देऊळ सातव्या शतकातलं. राणी वासटेनं पतीच्या, हर्षगुप्ताच्या स्मरणार्थ बांधलेलं. विटांवर इतकं नाजूक काम की हात फिरवावासा वाटतो. पण बरोबरच्या पोरांना विटांत काय गोडी? त्यांचं लक्ष पुढच्या जंगलाकडं.

तेच जंगल पुढं बारनवापारा अभयारण्याला जाऊन मिळतं. बार आणि नवापारा या दोन गावांवरून त्याला हे नाव पडलं. १९७६ साली जाहीर झालेलं हे अभयारण्य सुमारे २४५ चौरस किलोमीटरचं आहे. आत गवे, बिबटे, अस्वलं, चितळ आहेत. अलीकडच्या वर्षांत रानटी हत्तींचाही वावर असतो. तिथं आपली क्वाड घेऊन शिरता येत नाही. ठरलेल्या जिप्सीतून, गाइड बरोबर घेऊनच फिरायचं, आणि ते योग्यच आहे. आम्ही गेलो ती जागा अभयारण्याच्या बाहेर, एकाच्या खासगी जमिनीत होती. साग आणि मोहाच्या झाडांतून काढलेली पायवाटेपेक्षा जरा रुंद अशी वाट, मध्ये एक कोरडा नाला, एक चढ आणि एक तिरका उतार.

पहिल्यांदा मुलं जाऊन आली. मग सगळ्यांनी मिळून मला चढवलं. साडीवरून सलवार-कमीज घालून आले होते, त्याचं सार्थक झालं. गाडी देणाऱ्या पोरानं हेल्मेटचा पट्टा आवळला आणि उजव्या अंगठ्याशी असलेली पट्टी दाखवली. “अंगूठा दबाओ तो चलेगी, छोड़ो तो रुकेगी.” एवढंच शिक्षण.

वाचकहो, पहिली पाच मिनिटं मी हवेत होते. वाळलेल्या सागाच्या पानांवरून चाकं कुरकुरत होती, थंड वारा तोंडावर येत होता. माझ्या आईनं सायकलसुद्धा चालवली नव्हती, हे आठवून उगाच हसू आलं.

मग वळण आलं. मी हँडल वळवलं, पण गाडी सरळच जायला लागली. बऱ्याच क्वाडची मागची दोन्ही चाकं एकाच दांड्यावर एकाच वेगानं फिरतात. म्हणून नुसतं हँडल वळवून भागत नाही. चालवणाऱ्यानं आपलं अंग वळणाच्या आतल्या बाजूला झुकवावं लागतं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. समोर मोहाचं झाड दिसल्यावर मी घाबरून हँडल घट्ट धरलं, आणि घट्ट धरताना अंगठा आणखी दाबला गेला. गाडी थांबायच्याऐवजी उसळली. झाडाला चुकवून ती उताराच्या कडेला तिरकी झाली. एका बाजूची चाकं क्षणभर अधांतरी आहेत, हे मला बैठकीतून कळलं. मग ती धप्पकन खाली टेकली. अडीच-तीनशे किलोचं ते धूड माझ्या अंगावर आलं असतं तर हे सदर आज दुसऱ्या कुणी लिहिलं असतं.

मी परतले आणि हसत हसतच उतरले. गुडघे कापत होते, ते दाखवलं नाही. उतरताना पुढच्या मडगार्डवर चिकटवलेली सूचना दिसली. तशी सूचना या गाड्यांवर कंपनीकडूनच येते. सोळा वर्षांखालच्यांनी ही गाडी चालवू नये; मागंपुढं दुसऱ्या कुणाला बसवू नये. ती मी चष्मा लावून दोनदा वाचली.

वाचून मान वर करते, तर भौजींचा नातू हेल्मेट घालून उभा. वय वर्षं नऊ. हेल्मेट मोठ्या माणसाचं, नाकापर्यंत उतरलेलं. भैया त्याला उचलून बैठकीवर ठेवत होते.

“भैया, त्याला नको,” मी म्हणाले. तोंडातून मराठीच निघालं.

“अरे बहिनी, गाँव में तो लइका मन ट्रैक्टर चला लेथें!”

मुलगा म्हणाला, “चाची, मैं पीछे बैठता हूँ ना.” गाडी देणारा पोरगा गप्प होता, त्याला पुढच्या गिऱ्हाइकाची घाई होती. आमच्या ह्यांनी मला डोळ्यांनी खुणावलं, ‘सोड, त्यांचा नातू आहे.’ तेच मीही मनात म्हणत होते. दुसऱ्याच्या पोरात आपण का बोलावं? आणि दुसऱ्याच्या म्हणजे तरी कुणाच्या? ज्यांच्या मांडीवर माझा मुलगा वाढला त्यांच्या!

पण त्या तिरक्या उतारावर मी आत्ताच जाऊन आले होते. हात हँडलपर्यंत धड न पोचणारं पोर अंग कुठं आणि कसं झुकवणार? मागं बाप बसला तर त्यालाही हलता येणार नाही. मी पुढं झाले, किल्ली काढून मुठीत धरली आणि म्हटलं, “याला बसवायचं असेल तर आधी मला घरी सोडा. मला हे बघायचं नाही.”

सगळे एकदम गप्प झाले. भैयांचा चेहरा उतरला. ते हळूच म्हणाले, “हमर नाती ए, बहिनी. हमन देख लेबो.”

एवढंच म्हणाले. पण सत्तावीस वर्षांत ‘आमचा’ हा शब्द त्यांनी माझ्यासमोर असा कधी उच्चारला नव्हता.

पोरगा रडायला लागला. भौजी डबे आवरू लागल्या. शेवटी कुणीच त्याला बसवलं नाही. मी त्याचा हात धरून त्याच वाटेनं पायी निघाले. तो हात सोडवत होता. नाल्याच्या वाळूत खुरांचे ठसे होते, ते पाहायला मात्र तो वाकला. पाठीमागून सून आली. ती काही बोलली नाही. तिनं माझा दुसरा हात दाबला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. तेव्हा मला कळलं, की ‘नको’ तिलाही म्हणायचं होतं. सासऱ्यांसमोर तिच्या तोंडून ते निघत नव्हतं.

परतीच्या वाटेवर गाडीत गाणीसुद्धा लावली नाहीत.

घरी आल्यावर मी या गाड्यांविषयी वाचून काढलं. उगाच एका चिठ्ठीवर विसंबून मी भैयांना दुखावलं का, हे मला पाहायचं होतं. १९७० मध्ये होंडानं अमेरिकेत पहिल्यांदा अशी गाडी आणली ती तीन चाकांची होती. मुलांनाही आवडली आणि खूप खपली. ती उलटून इतके अपघात झाले, की १९८८ मध्ये तिथलं सरकार आणि कंपन्या यांच्यात न्यायालयामार्फत समझोता झाला आणि तीनचाकींची विक्री बंद पडली. चारचाकी क्वाड त्याआधीच, १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला आली होती. ती जास्त स्थिर असते. पण मोठ्यांच्या क्वाडवर सोळा वर्षांखालच्यांना बसवू नये, असं अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ आजही बजावतात. आपल्याकडं बहुतेक क्वाड रस्त्यावर चालवायला पासच होत नाहीत. त्यामुळं लायसन्स बघणारा पोलीस मध्ये येत नाही. देणारा, घेणारा आणि बरोबरची माणसं, एवढ्यांनीच काय ते ठरवायचं असतं.

तुम्ही जाणार असाल तर जरूर जा, मजा येते. फक्त हेल्मेट आपल्या मापाचं मागा. पायांत बूट असू द्या, ओढणी-पदर घट्ट खोचा. निघण्यापूर्वी मोकळ्या जागेत दोन-चार वळणं घेऊन पाहा. एका गाडीवर एकच माणूस बसवा. मुलांना चालवायचीच असेल तर त्यांच्या मापाची छोटी गाडी आणि सपाट मैदान असेल तिथंच न्या.

वाचून माझी खात्री पटली, पण वाटी काही आली नाही. सोमवार गेला, मंगळवार गेला. गुरुवारी मी गाजराचा हलवा केला आणि ओट्यावर झाकून ठेवला. वाटी होती तिकडं, आणि दुसऱ्या भांड्यातून पाठवायचं माझ्या जिवावर आलं. ‘तू बरोबर होतीस,’ हे म्हणाले. बरोबर असून इतकं एकटं वाटतं, हे मला ठाऊक नव्हतं.

शनिवारी पौष पौर्णिमा. आमच्याकडं हा छेरछेराचा सण. नवं भात घरात आलेलं असतं. मुलं पिशव्या घेऊन दारोदार धान मागतात आणि कुणी कुणाला रिकामं पाठवत नाही. सकाळी दारात पोरांचा गलका झाला. मी सुपात धान घेऊन गेले, तर सगळ्यांच्या पुढं आमचा नऊ वर्षांचा वीर. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात पोचा आलेली वाटी. वाटीत खुरमी.

“आजी, बबा बोले, सोलह साल का हो जाऊँगा तब आप सिखाना.”

मी गल्लीपलीकडं पाहिलं. भैया दारातच खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचत होते. वर्तमानपत्र खाली आलं नाही. पण त्यामागून खोकल्याचा आवाज आला, आणि तो खोकला मी ओळखते.

त्याच्या पिशवीत मी दोन सुपं धान ओतलं. वाटी घासून हलव्यानं भरली. मग म्हटलं, आज पोराच्या हातानं नको. आणि मीच ती घेऊन गल्ली ओलांडली.