लहरींचं चवदार तळं

टीव्हीच्या इतिहासाचं एक ठरलेलं पाठांतर आहे. १५ सप्टेंबर १९५९, दिल्ली, पहिलं प्रक्षेपण. २ ऑक्टोबर १९७२, मुंबई केंद्र. १ ऑगस्ट १९७५, उपग्रहावरून खेड्यात. १५ ऑगस्ट १९८२, रंगीत चित्र. १९८४, 'हम लोग'. २ ऑक्टोबर १९९२, झी. यांना म्हणायचं मैलाचे दगड. स्पर्धा परीक्षेला बसणारी आपली पोरं हे दगड रात्र रात्र जागून घोकतात. घोका दोस्तहो, मार्क मिळवा. पण मैलाचा दगड रोवणारा हात कुणाचा आणि त्यावर कोरलेलं नाव कुणाचं, हे एकदा आपल्या बापजाद्यांनाही विचारा.

मी गोदीत हमाली करतो. तिथं पेटी उतरली की कागदावर दोन गोष्टी आधी बघतात. माल पाठवणारा कोण आणि घेणारा कोण. उचलणाऱ्याचं नाव कागदावर नसतं. टीव्ही ही पण पेटीच. म्हणून माझा तिला एवढाच सवाल आहे. साठ वर्षांच्या वर झाली, घेणारे आम्ही. पाठवणारा कोण?

१९७२ साली मुंबईत दोन जन्म झाले. उन्हाळ्यात दलित पँथर. ऑक्टोबरात, गांधीजयंतीचा मुहूर्त साधून, वरळीचं दूरदर्शन केंद्र. त्याच वरळीत बीडीडी चाळी. जानेवारी १९७४ मध्ये तिथल्या पँथरच्या सभेवरून दंगल पेटली. १० जानेवारीच्या मोर्च्यावर वरून दगड आला आणि भागवत जाधव गेला. केंद्रापासून चाळी चालत जायच्या अंतरावर. आमचा मैलाचा दगड तो. कुठल्याही गाईडात तो छापलेला नाही.

मग आलं 'साइट'. अमेरिकेचा उपग्रह वर्षभर उसना घेतला आणि सहा राज्यांतल्या २४०० खेड्यांत चित्र पोचवलं. शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन. जगानं टाळ्या वाजवल्या. सेट ठेवला सार्वजनिक जागी, म्हणजे शाळेत नाहीतर पंचायतीत. या देशात खेड्यातली 'सार्वजनिक जागा' म्हणजे काय चीज असते, हे ज्याचा बाप वेशीबाहेर राहिला त्याला समजावून सांगावं लागत नाही. उपग्रह हजारो मैल ओलांडून आला. गावकूस ओलांडणं त्याच्या नकाशात नव्हतं.

१९७७. आणीबाणी सैल झाली, निवडणुका लागल्या. बाबू जगजीवनराम काँग्रेस सोडून बाहेर पडले आणि विरोधकांबरोबर रामलीला मैदानावर उभे राहिले. लोकांनी घरीच बसावं म्हणून दूरदर्शननं त्याच वेळेला 'बॉबी' लावला. तरी लोक लोटले. बाबूजींच्या राजकारणाशी आपलं जमत नव्हतं, ती गोष्ट वेगळी. पण ध्यानात ठेवा, सरकारी पेटी तेव्हा एका चांभाराच्या पोराच्या सभेला घाबरली होती.

१९८१ साली सत्यजित राय यांनी दूरदर्शनसाठी 'सद्गती' केला. बामणाच्या दारात उपाशीपोटी लाकूड फोडता फोडता दुखी चांभार मरतो. रायसाहेबांना सलाम, खोटं काही दाखवलं नाही. पण पडद्याला मेलेला दलित झेपतो. तोंड उघडणारा झेपतो का? याचं उत्तर पुढच्या काही वर्षांत मिळालं.

२५ जानेवारी १९८७. रामानंद सागरांचं 'रामायण' सुरू. दर रविवारी सकाळी रस्ते ओस, टीव्हीला हार, उदबत्त्या. सरकारी लहरींवर, सरकारी मनोऱ्यांवरून, निधर्मी म्हणवणाऱ्या सरकारच्या आशीर्वादानं. त्याच साली महाराष्ट्र सरकारनं बाबासाहेबांच्या लेखनाचा चौथा खंड काढला, 'रिडल्स इन हिंदुइझम'. त्यात राम आणि कृष्ण यांच्यावरचं प्रकरण होतं. झालं, भावना दुखावल्या. ते प्रकरण काढा म्हणून मोर्चे निघाले. मग ५ फेब्रुवारी १९८८ ला आपला समाज मुंबईत उतरला आणि या शहराला निळा समुद्र दिसला. प्रकरण राहिलं. पण त्याला सरकारनं तळटीप चिकटवली की, या मतांशी शासन सहमत नाही.

आता सांगा, सागरांच्या रामायणाखाली अशी तळटीप एका तरी रविवारी आली का? शंबूकाच्या पोरांचा कर घेऊन चालणाऱ्या पेटीवर, 'या कथेशी देशातले कोट्यवधी लोक सहमत नाहीत', एवढी एक ओळ? घटना लिहिणाऱ्याच्या पुस्तकाला तळटीप आणि पुराणाला प्राइम टाइम. माझ्या लेखी भारतीय टीव्हीचा सगळा इतिहास एवढ्यात आला.

त्याच १९८८ साली पंजाबात जालंधरच्या सफाई कामगारांनी झाडू खाली ठेवला. ही वाल्मिकी समाजाची माणसं. मालिका रामाच्या राज्याभिषेकावर संपवू नका, वाल्मिकीच्या आश्रमातली पुढची कथा दाखवा, ही मागणी. संप दुसऱ्या शहरांतही पसरला. कचऱ्याचे ढीग लागले आणि दिल्ली वाकली. पुढचे भाग निघाले. आपले काही शहाणे यावर हसतात, रामायणासाठी कसला संप म्हणून. मी हसत नाही. या देशात झाडूनं सरकारी मालिकेची पटकथा बदलली, हे एवढं एकदाच झालं. ताकद होती. तिनं मागितलं काय, एवढाच वाद आहे.

मग खाजगी चॅनेलं आली आणि सांगायला लागली की, आता सरकारची मक्तेदारी संपली, आता लोकांचं राज्य. २००६ च्या जुलैत हरयाणात एक पाच वर्षांचं पोरगं बोअरवेलच्या खड्ड्यात पडलं. जवळजवळ ५० तास सगळ्या चॅनेलांचे कॅमेरे त्या खड्ड्यावर. पोर वाचलं, आनंदच आहे. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला भंडारा जिल्ह्यात खैरलांजी झालं. भोतमांगे कुटुंबातली चार माणसं गावानं मारली. देशाच्या कॅमेऱ्यांना तो खड्डा दिसायला नोव्हेंबर उजाडला, आणि तेही लोक रस्त्यावर उतरले म्हणून. तेव्हाही पडद्यावर आधी आमचा राग आला, आमची प्रेतं मागाहून.

असं का होतं? २०१९ साली ऑक्सफॅम आणि न्यूजलाँड्री यांनी मोजदाद केली. वर्तमानपत्रं, चॅनेलं, वेबसाइटी, मासिकं मिळून संपादकी अधिकाराच्या १२१ जागा तपासल्या. १०६ उच्चवर्णीय. दलित शून्य. आदिवासी शून्य. चॅनेलांवर चर्चा चालवणाऱ्या अँकरांत एकही दलित नाही, आदिवासी नाही, ओबीसी नाही. माल पाठवणारा कोण, ते कळलं ना?

कुणी म्हणेल, त्याच २०१९ मध्ये स्टार प्रवाहवर बाबासाहेबांची मालिका आली की! आली. आमच्या आयांनी ती डोळ्यांत पाणी आणून बघितली. पण बाबासाहेबांची तसबीर दिवाणखान्यात आणि बाबासाहेबांची पोरं दाराबाहेर, हा हिशोब आम्ही चुकता झाला असं मानत नाही.

आता मुद्द्याचं. ९ फेब्रुवारी १९९५ ला सुप्रीम कोर्टानं निकाल दिला. भांडण क्रिकेट कोण दाखवणार याचं. पण कोर्ट बोललं मोठं. हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. वाचलं आणि मला महाड आठवलं. १९२३ साली बोले यांचा ठराव झाला, सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केलं, कागदावर. पाण्याला हात मात्र लागेना. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो माणसं घेऊन गेले आणि ओंजळ भरली, तेव्हा ते तळं सार्वजनिक झालं. लगेच डोकी फुटली, तळ्याचं शुद्धीकरण झालं, तळं खाजगी आहे म्हणून दावा गुदरला. हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ उजाडलं.

१९९५ चा निकाल हा आपल्या काळातला बोले ठराव आहे. लहरींचं महाड अजून व्हायचंय.

म्हणून भीक नको, हिशोब हवा. प्रत्येक चॅनेलनं दरवर्षी जाहीर करावं, बातमी ठरवणाऱ्या खुर्चीत कोणत्या जातीची किती माणसं बसतात. दूरदर्शन आमच्याही पैशावर चालतं, तिथं आमची माणसं, आमचा मजकूर, तळटिपेशिवाय. आणि तोवर वाट बघत बसायचं नाही. नागपुरातून लॉर्ड बुद्धा टीव्ही, आवाज इंडिया टीव्ही अशी चॅनेलं निघाली. त्यांना नावं ठेवायच्या आधी त्यांच्यासाठी लिहा. खिशातला मोबाइल म्हणजे कॅमेराच आहे, तो लग्नाच्या वरातीपुरता ठेवू नका.

बोले ठरावापासून पहिल्या ओंजळीपर्यंत चार वर्षं लागली. १९९५ पासूनची तुम्ही मोजा, आणि लाज वाटली तर उठा.

जयभीम.