गुत्तेदार की स्वतः?

दहावीचा निकाल लागला की नांदेड-लातुरात विद्यार्थ्यांची खोल्यांसाठी शोधाशोध सुरू होते. निवृत्त झालेला आपला माणूस फंडाच्या पैशातून भाड्याच्या दोन खोल्या दुरुस्तीला काढतो. पहिलाच प्रश्न उभा राहतो : काम गुत्तेदाराला द्यावे, की मिस्त्री-मजूर लावून स्वतः करून घ्यावे?

याचे उत्तर आपल्याच मातीत आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर पूर्ण उद्ध्वस्त झालेली गावे नव्या जागी बांधून देण्यात आली. पण कमी नुकसानीच्या गावांत दीड लाखाहून अधिक घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण घरमालकांनीच करून घेतले. सामान्य माणसाला हे जमते, हे तेव्हाच सिद्ध झाले. मात्र तो एकटा नव्हता. अनुदान हप्त्याने मिळत होते, इंजिनिअरची देखरेख होती आणि माहिती पोचवायला गावातल्याच महिला 'संवाद सहायक' होत्या.

आज आपण हातोडा उचलतो तेव्हा यातले काय असते? गुत्तेदार नफा घेतो हे खरे. पण माल, मजूर, प्लंबर, वायरमन यांचा मेळही तोच घालतो. रोज कामावर उभे राहायला वेळ नसेल, तर वाचवलेला पैसा रिकाम्या खोलीच्या बुडालेल्या भाड्यातच जातो. रंग, फरशी, दारे-खिडक्या खुशाल स्वतः करून घ्या. स्लॅब गळत असेल किंवा कॉलमची सळई उघडी पडली असेल, तर आधी इंजिनिअरला दाखवा.

वकिलीत आमच्यापुढे येणारी भांडणे बहुधा एकाच जातकुळीची : उचल भरपूर दिलेली, कागद एकही नाही. कामाचा तपशील, मालाचा दर्जा, दर, मुदत लिहून घ्या. पैसे झालेल्या कामाप्रमाणे द्या आणि शेवटचा हप्ता राखून ठेवा.

खोलीत भाडेकरू असेल तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चे कलम १४ लक्षात ठेवा. दुरुस्ती ही मालकाची जबाबदारी आहे. किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही मालक हलला नाही, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून तो खर्च भाड्यातून वळता करू शकतो; वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत.

आणि एक. गुत्तेदार मजुरी बुडवून पसार झाला, तर पाटी वाहणारी बाई तुमच्याच दारात येऊन उभी राहते. ती बहुधा आपल्याच वस्तीतली असते. तिची मजुरी चुकती झाली का, हे विचारल्याशिवाय गुत्तेदाराचा पुढचा हप्ता सोडू नका.