चालतंय की!

आमच्या वरकुट्याला 'बघ' या शब्दातला 'घ' फारसा कुणी उच्चारत नाही. 'बग की', 'बगतो की' असंच चालतं. त्यामुळे पुतण्या पुण्याहून सुट्टीला आला आणि रात्री दोन वाजता लॅपटॉपपुढं बसलेला दिसला तेव्हा वहिनींनी विचारलं, "काय करतोस रं?" तो म्हणाला, "बग काढतोय." वहिनी म्हणाल्या, "बगतोयस ते दिसतंय. पन काय?"

आता हे वाचकांनाही सांगितलं पाहिजे. इमॅक्स नावाचा एक एडिटर आहे. एडिटर म्हणजे अग्रलेख लिहिणारा नव्हे, संगणकावर मजकूर लिहायची-खोडायची पाटी. मूळ १९७६ चा, अमेरिकेतल्या एमआयटीत जन्मलेला; पुढं १९८५ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी तो नव्यानं लिहून सगळ्यांना खुला केला. पण हा एडिटर म्हणजे विटा, वाळू आणि सिमेंट. घर ज्याचं त्यानं बांधायचं. म्हणून काही भली माणसं आयतं घर बांधून देतात: डूम इमॅक्स, स्पेसमॅक्स वगैरे. तसंच एक छोटं घर माझ्या पुतण्यानं मराठी लिहिणाऱ्यांसाठी बांधलं. कळफलक, अक्षरवळण, शोधाशोध, सगळं लावून दिलेलं. आणि फुकट वाटलं. इथंच चुकलं पोराचं.

कारण घर त्याचं असलं तरी विटा त्याच्या नाहीत. खाली इमॅक्सची नवी आवृत्ती येते, बाजूला पन्नास जोडकार्यक्रम, प्रत्येकाचा कर्ता वेगळ्या देशात, प्रत्येक जण आपल्या सवडीनं बदल करणार. एकत्र कुटुंबात एका जावेनं फडताळ हलवलं की दुसरीला मिठाचा डबा सापडत नाही, तसं आहे हे. यानं काही न करता याचं बिघडतं. आणि शिव्या यालाच.

शिव्या देणाऱ्यांत मी पहिला. सप्ताहाचा हिशेब मी त्याच्याच एडिटरमध्ये लिहितो. गेल्या वर्षी त्यानं पाठवलेला बदल चढवला आणि 'आचाऱ्यांना' लिहिलं की 'आचार्यांना' उमटू लागलं. देवळाच्या फळ्यावर जमाखर्च लागला : 'आचार्यांना अकरा हजार रुपये व कांदे एक पोतं.' कीर्तनकार महाराजांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "पाकीट मिळालं. कांद्यांचं काय?"

मी फोनवर पुतण्याची हजेरी घेतली. "हे काय करून ठेवलंस?" तेव्हा त्यानं समजावून सांगितलं. हा आपला आडवा, पापणीसारखा र साठवायच्या संगणकात दोन रीती आहेत. एक खाली टिंब असलेल्या 'ऱ' पासून, दुसरी साध्या 'र' च्या मागं एक न दिसणारं चिन्ह लावून. डोळ्यांना दोन्ही सारखेच, पण शोधायला गेलं तर एक दुसऱ्याला ओळखत नाही. कुणाच्या तरी नव्या सुधारणेनं ते न दिसणारं चिन्ह गिळलं, आणि राहिला नुसता रफार. माझा आचारी आचार्य झाला तो असा. हे हुडकायला त्याला दोन रात्री लागल्या. दिवसा नोकरी असते.

मग त्यानं मला आलेली पत्रं दाखवली. 'अजून का झालं नाही?' 'तुमच्यामुळं माझी सकाळ वाया गेली.' 'जमत नसेल तर दुसऱ्याला द्या.' बहुतेक सह्या मराठी, सुशिक्षित. एकानंही तुकडा सुधारून पाठवलेला नाही. बिघाड नेमका कधी होतो, तेही कुणी धड लिहिलेलं नाही. बस, 'चालत नाही.'

आमचे भाऊसाहेब म्हणतात, "मग फुकट वाटायला कुणी सांगितलं होतं?" वा! सप्ताहात वाढपीही फुकटच वाढतो. त्याच्यावर आमटी गार म्हणून खेकसणारा निघाला तर सारं गाव त्याला ओळखून असतं. इथं मात्र खेकसणं हा ग्राहकाचा हक्क झाला. कसला ग्राहक? पैसा दिलाय कुठं?

ही कटकट कुठवर जाते ते ऐका. 'एक्सझेड' नावाची मजकूर आवळणारी एक छोटी करामत जगभरच्या असंख्य संगणकांत आहे. एकच गृहस्थ ती फावल्या वेळात, पगाराशिवाय सांभाळत होता. थकला होता, तसं त्यानं लिहिलंही होतं. त्याच्यावर तक्रारींचा मारा सुरू झाला : काम होत नाही, दुसऱ्याला द्या. एक गोड मदतनीस पुढं आला, त्यानं दोनेक वर्षं इमानानं काम केलं, किल्ल्या मिळवल्या आणि मग चोरवाट बसवली. मार्च २०२४ मध्ये ती उघडकीला आली, ती आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दार उघडायला अर्धा सेकंद जास्त का लागतो असा प्रश्न पडला म्हणून. तक्रारी करणारे त्याच टोळीचे असावेत असा दाट संशय आहे. पण तेव्हा कुणालाच तो आला नाही. कसा येणार? खरे वापरणारेही त्याच भाषेत बोलतात!

दुसरीकडे ब्राम मोलेनार. यांनी १९९१ मध्ये व्हिम हा एडिटर दिला आणि २०२३ मध्ये वारले तोवर तो सांभाळला. बदल्यात मागितलं काय, तर युगांडातल्या अनाथ मुलांना मदत करा. तसं ते पडद्यावरच लिहिलेलं असतं. किती जण ती ओळ वाचून पुढं गेले असतील देव जाणे.

आम्हाला हे कळायला हवं होतं. नीरा डावा कालवा १८८५ चा, आणि आमचा इंदापूर तालुका त्याच्या टेलला. वर कुठं फुटलं, तुंबलं की आधी आमचा ऊस वाळतो. तरी पाणी येतंय तोवर पाटकऱ्याचं नाव कुणी घेत नाही. आवर्तन चुकलं की मात्र त्याच्या घरापुढं मोटारसायकलींची रांग.

दिवाळीत पुतण्या म्हणाला, "काका, बंद करून टाकतो आता." मी गप्प झालो. माझे सप्ताहाचे सगळे हिशेब त्यात आहेत, हा माझा स्वार्थ. पण त्याचे डोळे लाल होते, हेही दिसत होतं. मी एवढंच म्हणालो, "पुढच्या वेळी बिघडलं तर काय केल्यावर बिघडलं ते मी नीट लिहून पाठवीन." तो हसला. बंद मात्र केलं नाही अजून.

परवा सहज त्याला फोन लावला.

"काय बिघडलं, काका?"

"काही नाही. चालतंय. छान चालतंय."

पलीकडं बराच वेळ शांतता. मग काळजीच्या सुरात प्रश्न आला, "काका, तब्येत बरी आहे ना?"