४२९४९६७२९७: फर्माच्या अंदाजाला छेद देणारी संख्या

४,२९,४९,६७,२९७ म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १. २ चा घात अधिक १ अशाच, पण घातांक १ पासून दर वेळी दुप्पट होत जाणाऱ्या मालिकेतल्या ३, ५, १७, २५७ आणि ६५५३७ या पहिल्या पाचही संख्या मूळ आहेत. त्यामुळे पुढच्याही साऱ्या मूळच असतील, असे गणितज्ञ पिएर द फर्मा याला १६४० च्या सुमारास वाटले. १७३२ मध्ये गणितज्ञ ऑयलरने तो अंदाज मोडला: ही संख्या म्हणजे ६४१ गुणिले ६७,००,४१७.

तिचा प्रत्येक मूळ अवयव ६४ च्या पटीपेक्षा १ ने मोठा असतो. त्यामुळे तपासायला १९३, २५७, ४४९, ५७७ एवढेच उरतात आणि पाचव्या खेपेला ६४१ सापडतो. भागाकार न करताही हे सिद्ध होते, आणि ती सिद्धता खरोखर देखणी आहे. ६४१ म्हणजे ५ × १२८ + १. म्हणून ६४१ ने भागताना ५ × २<sup>७</sup> ची बाकी −१ धरता येते आणि चौथ्या घाताला ५<sup>४</sup> × २<sup>२८</sup> ची बाकी १ होते. पण ६४१ म्हणजेच ६२५ + १६, म्हणून ५<sup>४</sup> च्या जागी −२<sup>४</sup> ठेवता येते. मग २<sup>३२</sup> ची बाकी −१ येते. त्यात १ मिळवला की शून्य.

ही संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून दोन रीतींनी मांडता येते: ६५५३६² + १² आणि ६२२६४² + २०४४९². मूळ संख्येला अशा दोन रीती कधीच नसतात. ४,२९,४९,६७,२९७ बाजूंचा सुसम बहुभुज पट्टी-कंपासने काढता येत नाही. ६५५३७ बाजूंचा मात्र येतो.