जॅझ-समीक्षेचे सोवळे

जॅझला राजकारणाचा विटाळ होऊ नये, असे मानणाऱ्या समीक्षेचे सोवळेपण हीच एक राजकीय भूमिका होय. १९६१ मध्ये ‘डाउन बीट’मध्ये आयरा गिटलर यांनी अ‍ॅबी लिंकन यांच्या वांशिक जाणिवेलाच दोष ठरवले. लेरॉय जोन्स (नंतरचे अमिरी बराका) यांनी १९६३ मध्ये या दृष्टीचे मर्म उघड केले: गोरा समीक्षक स्वर न्याहाळतो, पण ते ज्या जीवनजाणिवेतून उमटतात ती वगळतो. त्याच वर्षी बर्मिंगहॅमच्या चर्चमधील बॉम्बस्फोटात चार कृष्णवर्णीय मुली ठार झाल्या. दोन महिन्यांनी जॉन कोल्ट्रेन यांनी ‘अलाबामा’ ध्वनिमुद्रित केले. त्या रचनेत शब्द नाहीत. शोक मात्र सॅक्सोफोनच्या रूपबंधातच आहे. तो वगळून उरलेल्या रूपबंधाची चिकित्सा तटस्थ नसते; रूपबंधाची म्हणूनही ती अपुरीच ठरते.