चौकटींत बसवलेला ढोल

चंडीगडच्या लग्नाला गेलेला मराठी पाहुणा वरातीत हमखास गोंधळतो. ढोलाचा ठेका ऐकायला सोपा, आपल्या केरव्यासारखाच वाटतो. पण बोटांनी तोच ठेका धरू जावे, तर मधले ठोके जरा अलीकडे नाहीतर पलीकडे पडतात. शेजारचे दहा वर्षांचे पोर मात्र खांदे उडवीत अचूक नाचत असते. भांगड्याच्या या ठेक्याला तिकडे ‘चाल’ म्हणतात, आणि त्यातली खोच कुठे आहे ते आता घरच्या संगणकावर किंवा मोबाइलवर उलगडून पाहता येते. तेही फुकट!

या सोयीचे नाव आहे ‘स्टेप सिक्वेन्सर’. नाव भारदस्त, वस्तू साधी. पडद्यावर चौकटींचा तक्ता असतो. आडव्या ओळी वाद्यांच्या, उभे रकाने काळाचे. चौकटीवर बोट टेकवले की ती भरते. मग एक रेघ डावीकडून उजवीकडे सरकू लागते; भरलेल्या चौकटीशी आली की ठोका पडतो आणि टोकाला पोहोचली की पुन्हा समेवर येते.

तबल्याच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलांना हे फारसे नवे वाटणार नाही. त्यांच्या वहीत त्रितालाच्या सोळा मात्रा अशाच रकान्यांत लिहिलेल्या असतात. संगीत असे कागदावर उतरवण्याच्या पद्धती रूढ केल्या त्या दोन मराठी विष्णूंनी, भातखंडे आणि पलुसकरांनी. त्यांतल्या पलुसकरांनी आपले गांधर्व महाविद्यालय १९०१ मध्ये उघडले ते पुण्या-मुंबईत नव्हे, तर तेव्हाच्या पंजाबच्या राजधानीत, लाहोरला. फाळणीत लाहोर गेले म्हणून तर चंडीगड वसले. तिथले प्राचीन कला केंद्र १९५६ पासून गायन-वादन-नृत्याचे शिक्षण देत आले आहे.

यंत्रातही सोळाचा आकडा आहेच. जपानच्या रोलंड कंपनीने १९८० मध्ये काढलेल्या ‘टीआर-८०८’ या ताल-यंत्रावर सोळा बटणांची रांग होती. मुंबईच्या चित्रपटसंगीतातले वादक चरणजित सिंग यांनी ते यंत्र वापरून १९८२ मध्ये दहा रागांची एक ध्वनिमुद्रिका काढली. राग आपले, ठेका डिस्कोचा! ती कोणी फारशी विकत घेतली नाही. २०१० मध्ये ती हॉलंडमधून पुन्हा निघाली, तेव्हा परदेशी श्रोते चकित झाले. शिकागोत काही वर्षांनी जन्मलेल्या नृत्यसंगीताशी तिचे विलक्षण साम्य होते. वादकाला उतारवयात का होईना, दाद मिळाली. २०१५ मध्ये ते गेले.

आता आपला ढोल. गूगलच्या ‘क्रोम म्युझिक लॅब’मधले ‘साँग मेकर’ उघडा. खालच्या दोन ओळी तालवाद्याच्या आहेत, एक जड आवाजाची, दुसरी हलक्या. ढोलालाही दोनच तोंडे. जाड काठीला डग्गा म्हणतात (आपला डग्गा म्हणजे तबल्याचा जोडीदार, तो वेगळा) आणि बारीक छडीला तिल्ली. बोल असे: धा ना ना ना, ना धा धा ना. चार मात्रांत आठ बोल, म्हणून प्रत्येक मात्रेचे दोन सारखे भाग करून चौकटी भरल्या, तर निघतो तो कवायतीचा ठेका. त्यावर कोणी नाचणार नाही.

खोच इथेच आहे. सेटिंगमध्ये मात्रेचे तीन भाग करा. चार मात्रांच्या बारा चौकटी होतील. हलक्या ओळीत १, ३, ४, ६, ७, ९, १०, १२ या चौकटी भरा. जड ओळीत फक्त १, ९ आणि १०. प्रत्येक मात्रेतली मधली चौकट दोन्ही ओळींत रिकामी राहते. त्या रिकाम्या जागेनेच ठेका डुलू लागतो, आणि पाहुण्याची बोटे चुकत होती तीही तिथेच.

मग ढोलवाल्याचे काय? त्याच्या पोटावर पाय यायची भीती खरी आहे. ध्वनिमुद्रित संगीताने पुष्कळ वादकांची कामे नेलीच. पण चौकटीतला प्रत्येक ठोका सारख्याच जोराचा असतो. ढोलवाला नाचणाऱ्यांच्या पायांकडे बघत असतो; वधूची आत्या रिंगणात उतरली की तो लय किंचित सैल करतो, पोरे उतरली की चढवतो. हे कुठल्या चौकटीत भरणार?

मुलांच्या हाती हे खेळणे द्यायला हरकत नाही. फक्त आधी बोल तोंडाने म्हणवून घ्यावेत, मांडीवर वाजवून घ्यावेत आणि नंतरच चौकटींना हात लावू द्यावा. सुरुवातीला गती मिनिटाला ८० मात्रांवर ठेवावी. आणि केरवा जमला की त्रिताल करून पाहावा: सोळा चौकटी, जड ओळीत १० ते १३ रिकाम्या.