परग्रहवासीयांच्या तोंडून

विज्ञानकथा म्हणजे वास्तवाकडे पाठ फिरवणाऱ्यांचे वाङ्मय, असा एक समज आपल्या साहित्यचर्चेत अजून घट्ट आहे. मला तो मान्य नाही. अमेरिकन पटकथाकार रॉड सर्लिंग याची कारकीर्द पाहिली की या समजाचा उथळपणा ध्यानात येतो.

सर्लिंगचा जन्म १९२४ चा. दुसऱ्या महायुद्धात तो छत्रीधारी सैनिक म्हणून फिलिपाईन्समध्ये लढला. पुढे ‘पॅटर्न्स’ (१९५५) आणि ‘रिक्विम फॉर अ हेवीवेट’ (१९५६) या दूरचित्रवाणी-नाटकांनी त्याला कीर्ती दिली. मोकळीक मात्र दिली नाही. १९५५ मध्ये मिसिसिपीत एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाचा खून झाला आणि आरोपी निर्दोष सुटले. त्यावरून सुचलेले सर्लिंगचे नाटक १९५६ मध्ये सादर झाले, तेव्हा पुरस्कर्त्यांच्या धास्तीने घटनास्थळ न्यू इंग्लंडमध्ये गेले होते आणि मेलेला माणूस नुसता ‘परका’ उरला होता.

मग त्याने वाट बदलली. १९५९ ते १९६४ या काळात ‘द ट्वायलाइट झोन’चे १५६ भाग झाले, त्यांतील ९२ त्याने स्वतः लिहिले. १९६० मधल्या एका भागात गल्लीतली वीज जाते, शेजारी एकमेकांवर परग्रहवासी असल्याचा संशय घेतात आणि एका शेजाऱ्याचाच जीव जातो. खरे परग्रहवासी दूर टेकडीवरून हे पाहत असतात. माणसाच्या मनातल्या द्वेषावरचे हे भाष्य पुरस्कर्त्यांना खटकले नाही, कारण ते ‘कल्पित’ होते!

येथवर मी सर्लिंगच्या बाजूने निःशंक होतो. पण गेल्या स्नेहसंमेलनातला एक अनुभव मला सतावतो. पाण्याच्या टँकरवरून गावात चालणाऱ्या दांडगाईवर आम्ही एकांकिका लिहिली होती. ‘कुणाची नावे नकोत, गाव नको’ अशी सूचना आली. आम्ही सगळे गाव उचलून मंगळावर नेले. प्रेक्षक खूप हसले, टाळ्याही पडल्या. पण बाहेर पडताना टँकरविषयी कुणी अवाक्षर काढले नाही. मंगळावरचे पाणी मंगळावरच राहिले.

तेव्हापासून वाटते, सोंग घेतल्याने बोलता येते हे खरे. पण ऐकणाऱ्यालाही त्या सोंगाआड लपता येते. सर्लिंगला हे कळत नसेल असे नाही. सरळ बोलण्याची वाट त्याने आधी चोखाळली होती. ती अडवली गेल्यावरच तो दुसरीकडे वळला. १९७५ मध्ये, वयाच्या अवघ्या पन्नासाव्या वर्षी तो गेला. आम्ही मात्र पहिल्याच सूचनेला मान तुकवली.

म्हणून विज्ञानकथेला पळवाट म्हणणाऱ्यांशी मी यापुढेही भांडेन. फक्त यंदाची एकांकिका आधी गावातलीच लिहून समितीपुढे ठेवणार आहे. नकार आलाच, तर मंगळ आहेच.